टपावरचा छोटा अँटेना लांबड्याला मागे टाकतो तेव्हा: बोलेरो, १४५ मेगाहर्ट्झ आणि खरी तुलना

भाऊ, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची बोलेरो आहे, तीत २५ वॉटचा व्हीएचएफ मोबाइल (म्हणजे गाडीत बसवायचा) वायरलेस सेट आहे आणि तुम्ही १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलता. आधी टपाच्या मधोमध मॅग्नेटिक माउंटवर अर्ध्या मीटरचा क्वार्टर वेव्ह (पाव तरंगलांबीचा अँटेना) होता. आता बॉनेटच्या डाव्या कडेला क्लॅम्प मारून सव्वा मीटरचा फाइव्ह बाय एट (तरंगलांबीच्या पाच-अष्टमांश) लावलाय, कारण खोक्यावर ‘५.५ डीबी गेन’ (सिग्नलचा जोर किती वाढतो त्याचा आकडा) छापलंय. मग खापरीजवळ गाडी उभी करून काटोल रोडवरच्या मित्राकडून सिम्प्लेक्सवर (सेट ते सेट, थेट) रिपोर्ट घेतला, तर त्याने त्याच्या सेटच्या सिग्नल मीटरवर छोट्याला एस नाइन दिला आणि लांबड्याला एस सेव्हन. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परतते त्याचं माप, १ म्हणजे काहीच नाही) मात्र उलटा, लांबड्याचा १.२ आणि छोट्याचा १.६. तुम्ही विचारता, नवा अँटेना खराब निघाला का, दोघांची तुलना नीट कशी करायची, आणि हे सगळं सोडून ड्युअल बँड घ्यावा का.

मी गाड्यांवर वायरलेस सेट बसवायचं काम करतो आणि हॅमही (हौशी रेडिओवाला) आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपात येतच असतो. तुमचा लांबडा खराब असेलही, पण तुम्ही दिलेल्या माहितीवरून तसं म्हणता येत नाही. तुम्ही अँटेना बदलला, त्याची गाडीवरची जागा बदलली, केबल बदलली, आणि दोन रिपोर्टच्या मध्ये क्लॅम्प बसवायला गाडी घरी नेऊन परत खापरीला आणली असेल तर गाडीची जागा आणि तोंडही बदललं. एवढं सगळं एकदम बदलल्यावर फरकाचं बिल एकट्या अँटेनाच्या नावावर फाडता येत नाही.

उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, ते आधीच कबूल करतो. तुम्ही मुख्यतः कुठे फिरता? उमरेड रोड, वर्धा रोडसारख्या सपाट मुलखात की बर्डी-इतवारीच्या गर्दीत? की देवलापारच्या पुढे, खवासाकडच्या जंगलात आणि चढ-उतारात? टप पत्र्याचा आहे (बोलेरोचा आहे, ते बरं) की सनरूफ किंवा फायबर आहे? समोरच्याचा अँटेना उभा आहे ना? या प्रश्नांची उत्तरं बदलली की निकालही बदलतो. पण मोजायची रीत सगळ्यांना एकच लागते, म्हणून तीच नीट सांगतो.

सुरुवात एसडब्ल्यूआरपासून, कारण सर्वांत जास्त लोक तिथेच फसतात. एसडब्ल्यूआर एवढंच सांगतो की सेटमधून निघालेली पॉवर परत किती येऊन राहिली. न परतलेली पॉवर हवेत गेली, क्षितिजाकडे गेली की कुठे उष्णता होऊन जिरली, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही. डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवरची नुसती उष्णता करणारा रेझिस्टर) लावून बघा, एसडब्ल्यूआर एकदम १ आणि रेंज घराच्या फाटकापर्यंत. तुमच्या आकड्यांतला फरक पॉवरच्या भाषेत किती आहे तेही बघा. १.५ एसडब्ल्यूआरला ४ टक्के पॉवर परतते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. डीबीत २ चा तोटा अर्धा डीबी आहे, १.५ चा त्याहून कितीतरी कमी. म्हणजे १.२ आणि १.६ मधला फरक तुमच्या मित्राच्या कानाला या जन्मी कळणार नाही. सेटला त्रास होऊ नये आणि त्याने स्वतःहून पॉवर पाडू नये एवढ्यापुरता एसडब्ल्यूआर बघायचा, बाकी सोडून द्यायचा.

उलट, फार छान एसडब्ल्यूआर दिसला की मी आधी केबल तपासतो. केबल जितकी जास्त पॉवर खाते तितका सेटकडचा एसडब्ल्यूआर गोड दिसतो, कारण परतणारी पॉवरसुद्धा तीच वाट तुडवत येते आणि वाटेतच जिरते. अँटेनाच्या बुडाशी २ असलेला एसडब्ल्यूआर २ डीबी खाणाऱ्या केबलच्या दुसऱ्या टोकाला दीडच दिसतो. पाच मीटर आरजी-५८ या फ्रिक्वेन्सीला साधारण १ डीबी खाते. क्लॅम्पसोबत जी पेन्सिलच्या शिशासारखी बारीक आरजी-१७४ येते ती तेवढ्याच लांबीत त्याच्या जवळपास दुप्पट खाते. तुमच्या दोन्ही केबल कोणत्या आहेत ते बाहेरच्या आवरणावर छापलेलं असतं, बघून घ्या. लांबड्याला बारीक केबल असेल तर त्याच्या कागदावरच्या फायद्यातला एक डीबी तिथेच गेला. दाराच्या रबरात दबणारी केबलही तपासा. सेट चालू ठेवून एसडब्ल्यूआर बघा, मग दार उघडून परत बघा. काटा हलला तर केबल आतून चेपली आहे.

आता ते ५.५ डीबी. डीबी हा आकडा कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. सगळ्या दिशांना, वर-खालीसुद्धा, सारखं फेकणाऱ्या काल्पनिक बिंदूच्या तुलनेत असेल तर डीबीआय, डायपोलच्या (दोन हातांच्या साध्या अँटेनाच्या) तुलनेत असेल तर डीबीडी, आणि दोघांत २.१५ चा फरक आहे. गंमत अशी की अथांग, आदर्श धातूच्या जमिनीवर उभा केलेला साधा क्वार्टर वेव्हही हिशोबाने ५.१५ डीबीआय देतो. तशाच आदर्श जमिनीवर फाइव्ह बाय एट ८ च्या थोडा वर जातो. म्हणजे कागदावर दोघांतला फरक ३ डीबीच्या आसपास आहे, त्याहून जास्त नाही. आणि ही आदर्श जमीन कोणत्याच गाडीवर नसते. १४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २ मीटरच्या जरा वर, आणि बोलेरोच्या टपाची रुंदी तिच्यापेक्षा कमी. एवढ्याशा पत्र्यावर दोघांचीही लहर क्षितिजापासून थोडी वर उचलली जाते आणि ३ डीबीचा दीड-एक डीबी उरतो, कधी तोही नाही. सव्वा मीटरचा व्हिप (अँटेनाची उभी सळी) क्वार्टर वेव्हपेक्षा ६ डीबी जास्त देतो असं कोणी म्हणालं तर त्याच्या दुकानातून चहा पिऊन परत यावं.

जागेचा फरक मात्र सहज त्याहून मोठा निघू शकतो, आणि माझ्या मते तुमच्या कहाणीतला मुख्य आरोपी तोच आहे. मोबाइल अँटेना म्हणजे फक्त व्हिप नव्हे, खालचा पत्राही अँटेनाच आहे. व्हिप टपाच्या मधोमध असला तर चारही बाजूंना पत्रा साधारण सारखा मिळतो आणि सिग्नल सगळीकडे बऱ्यापैकी सारखा जातो. तोच व्हिप कडेला नेला की पत्रा एका बाजूलाच राहतो. ढोबळ नियम असा की ज्या बाजूला गाडीचा जास्त धातू पसरलाय त्या बाजूला सिग्नल जास्त झुकतो.

हे तुमच्या गाडीला लावून बघा. क्लॅम्प बॉनेटच्या डाव्या कडेला आहे. खापरीला गाडी नागपूरकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून उभी असेल तर अँटेना गाडीच्या वायव्य कोपऱ्यात आला आणि सगळी गाडी त्याच्या आग्नेयेला राहिली. सिग्नलचा जोर गेला आग्नेयेकडे. काटोल रोड खापरीहून कुठे? वायव्येला. मित्र नेमका तुमच्या दुबळ्या बाजूला बसला होता! गाडी बुटीबोरीकडे तोंड करून वळवली की तोच अँटेना आग्नेय कोपऱ्यात जातो, धातू वायव्येकडे येतो आणि मित्राला जोरदार बाजू मिळते. फुकटची चाचणी आहे, आधी हीच करा. नुसती गाडी वळवून रिपोर्ट चढला तर अँटेना बाद करायचं कारण उरत नाही, बसवायची जागा बदलायचं कारण मात्र मिळतं.

क्लॅम्पची अर्थिंगही बघा. मॅग्नेटिक माउंट रंगाच्या थराआडून टपाशी कपॅसिटरसारखा जोडला जातो आणि १४५ ला ते पुरतं. (२७ मेगाहर्ट्झ किंवा त्याखाली तेवढ्याने भागत नाही, तिथे पत्र्याशी थेट जोडणी लागते.) क्लॅम्पचं तसं नाही. त्याच्या बारीक टोकदार स्क्रूंनी रंग फोडून पत्रा धरायला हवा. मीटर ओहमवर ठेवा, एक टोक क्लॅम्पच्या बॉडीला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आकडा शून्याजवळ येऊन स्थिर राहिला पाहिजे. नंतर बॉनेटच्या बिजागरीवर गाडी अडते, कारण बॉनेट बाकी बॉडीला फक्त दोन गंजक्या बिजागऱ्यांनी जोडलेलं असतं. बॉनेटपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या जाळीची जाड पट्टी टाकली की हा प्रश्न सुटतो. एक पावसाळा गेला की स्क्रूच्या टोकांना गंज धरतो, म्हणून ऑक्टोबरात एकदा उघडून साफ करून घ्यायचं.

आता येतो तो भाग, जो तुलनांचा खरा सत्यानाश करतो: गाडी कुठे उभी आहे.

सिग्नल एकाच वाटेने येत नाही. एक सरळ येतो, एक जमिनीवरून, एक कुठल्याशा लोखंडी होर्डिंगवरून, एक इमारतीवरून. हे सगळे अँटेनापाशी एकमेकांत मिसळतात, कुठे बेरीज होते आणि कुठे वजाबाकी. समोरासमोरून येणाऱ्या लहरींत सिग्नल पडतो अशा दोन जागांमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीचं, म्हणजे १४५ वर साधारण १ मीटरचं असतं. अजनी चौकात सिग्नलला थांबल्यावर मित्राचा आवाज खरखरतो आणि पुढची स्कूटर हलली म्हणून गाडी हातभर सरकवली की एकदम स्वच्छ होतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. ती हातभर जागा दहा-पंधरा डीबी इकडचे तिकडे करू शकते. आपण शोधतोय दीड डीबीचा फरक! म्हणून एका जागी उभं राहून घेतलेला रिपोर्ट, कितीही प्रामाणिक असला तरी, अँटेनाबद्दल काहीच सांगत नाही. तुमच्या खापरीला तर एका हाताला रेल्वेच्या आणि मेट्रोच्या २५ केव्हीच्या तारा, खांब, शेड, सगळा लोखंडी बाजार आहे.

यावर उपाय म्हणजे सरासरी. मोबाइल रेडिओच्या सर्व्हेत साधारण ४० तरंगलांब्यांच्या अंतरावर मापं घेऊन सरासरी काढायची जुनी रीत आहे. आपल्या फ्रिक्वेन्सीला ते ८० मीटरच्या जरा वर जातं. फार नाही. मोकळा सरळ रस्ता हवा, त्यावर चुन्याच्या दोन खुणा, आणि पायी चालण्याच्या वेगाने गाडी एका खुणेपासून दुसरीपर्यंत न्यायची. दोन्ही अँटेनांसाठी तीच खूण, तीच दिशा, तोच वेग.

जागा निवडताना वर बघायला विसरू नका. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला हाय टेन्शनच्या लाइनींचं जाळं आहे, तिथे हे करू नका. सिग्नलही नासतो आणि उंच व्हिप घेऊन तारांखाली खेळणं जिवावरचं आहे. आउटर रिंग रोडच्या बाहेर शेतांमधून जाणारा एखादा सरळ, रिकामा रस्ता बघा, रविवारी सकाळी. मित्राचं घर तिथून काही किलोमीटरवर असावं. फार जवळ नको, कारण सिग्नल इतका जोरदार येईल की मित्राचा रिसीव्हरच तुंबेल. आणि दोन्ही अँटेनांची मापं एकाच सकाळी, एकामागोमाग घ्या. हिवाळ्यात पहाटे हवेचे थर असे बसतात की दूरचे सिग्नल अचानक चढतात आणि ऊन वर आलं की उतरतात. पेंचकडच्या सागाच्या जंगलात पानगळीनंतरचा आणि पावसातला सिग्नलही सारखा नसतो. एक अँटेना मे महिन्यात तपासायचा, दुसरा ऑगस्टमध्ये, आणि मग निकाल द्यायचा, याला काही दम नाही.

आतापर्यंतचं गोळा करून सांगतो: एसडब्ल्यूआर बाजूला ठेवायचा, खोक्यावरचा डीबी बाजूला ठेवायचा, जागा आणि अँटेना वेगळे करून तपासायचे आणि मापं चालत्या गाडीत सरासरीने घ्यायची. राहिलं ते माप कशाने घ्यायचं.

एस मीटरने नाही. पुस्तकी हिशोबात एक एस युनिट म्हणजे ६ डीबी. त्या हिशोबाने नाइन आणि सेव्हनमध्ये १२ डीबी, म्हणजे सोळा पटीचा फरक झाला, तुमचे २५ वॉट जणू दीड वॉटवर आले. एफएम मोबाइल सेटचे मीटर हा हिशोब पाळत नाहीत. बहुतेकांचा काटा फार थोड्या डीबीत शून्यावरून भरून वाहतो, त्यामुळे मित्राने सांगितलेले दोन युनिट प्रत्यक्षात तीन-चार डीबीसुद्धा असू शकतात. कानावरही विसंबू नका. एफएममध्ये सिग्नल एका पातळीच्या वर गेला की आवाज तितकाच स्वच्छ राहतो, मग तो दहापट वाढवा की शंभरपट. आणि रिपीटरवरून (सिग्नल घेऊन पुढे परत फेकणाऱ्या केंद्रावरून) रिपोर्ट घ्यायची सवय असेल तर ती या कामापुरती सोडा. रिपीटरवर समोरच्याचा काटा रिपीटरचा सिग्नल दाखवतो, तुमचा नाही.

माझी आवडती रीत जुनी आहे: स्टेप अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल ठराविक डीबीने कमी करणारी डबी. मित्राच्या अँटेनाच्या केबलमध्ये आणि रिसीव्हरमध्ये १-१ डीबीच्या बटणांचा अटेन्युएटर टाकायचा. पहिल्या अँटेनावर काटा समजा चारच्या रेघेवर येईपर्यंत डीबी घालत जायचे आणि आकडा लिहून ठेवायचा. दुसऱ्या अँटेनावर काटा त्याच रेघेवर आणायला किती डीबी लागले ते लिहायचं. दोन आकड्यांतली वजाबाकी हा खरा फरक. यात मीटर फक्त खूण म्हणून वापरला जातो, त्याचं खोटेपण मध्ये येत नाही. एक काळजी घ्यायची: अटेन्युएटर लावलेल्या सेटवरून चुकूनही पीटीटी (माइकवरचं बोलायचं बटण) दाबायचा नाही, आतले रेझिस्टर क्षणात जळतात. मी त्या सेटचा माइकच काढून खिशात ठेवायला लावतो. उत्तर द्यायला मित्राने फोन वापरावा.

मित्राकडे आरटीएल-एसडीआरचा डोंगल (लॅपटॉपला लावायचा स्वस्त रिसीव्हर) असेल तर काम आणखी सोपं. ऑटोमॅटिक गेन बंद करून एका आकड्यावर पक्का करायचा आणि स्क्रीनवर दिसणारी डीबीची पातळी नोंदवत जायची. खरा आकडा किती याच्याशी घेणं नाही, फरक तेवढा बघायचा. शहरात ८८ ते १०८ मधली एफएम स्टेशनं या स्वस्त डोंगलला दाबून टाकतात. गेन थोडा कमी केल्यावर मुळातला सिग्नल जितका उतरायला हवा तितकाच उतरतो का, ते आधी बघून घ्यायचं.

गाडीने बोलायचं आणि घरी मोजायचं, हीच दिशा मी पसंत करतो. गाडीत मोजायला बसलं की लॅपटॉपचा आणि गाडीचा स्वतःचा गोंगाट मापात शिरतो. सेट ५ वॉटच्या लो पॉवरवर ठेवा, नाहीतर नागपूरच्या उन्हात सेट तापून मध्येच पॉवर उतरवेल. इंजिन सगळ्या फेऱ्यांत चालू तरी ठेवा किंवा बंद तरी, कारण पावणेचौदा व्होल्टला आणि साडेबारा व्होल्टला निघणारी पॉवर एकच असेल असं नाही. प्रत्येक फेरीत कॉलसाइन द्या. पीटीटी दाबलेला असताना कोणाचाही हात व्हिपला लागू देऊ नका. फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ना, हे आधी ऐकून घ्या.

आता प्रत्यक्ष क्रम. तुमचे दोन्ही व्हिप एकाच जातीच्या पीएल-२५९ टोकाचे असावेत असं तुमच्या वर्णनावरून वाटतं, म्हणजे दोन्ही कुठेही बसतील. चार जोड्या होतात: छोटा टपावर, लांबडा टपावर, छोटा क्लॅम्पवर, लांबडा क्लॅम्पवर. प्रत्येक जोडीला ८० मीटरच्या पट्टीवर एक जाणं आणि एक येणं. जाताना गाडीचं तोंड एकीकडे, येताना दुसरीकडे, म्हणजे कडेच्या अँटेनाचा एकांगीपणा आपोआप उघडा पडतो. मित्राने प्रत्येक फेरीत दहा-बारा आकडे लिहावेत आणि त्यांतला मधला धरावा. मित्राला कोणता अँटेना आहे हे सांगू नका, फेरी एक, फेरी दोन एवढंच सांगा. माणूस भला असला तरी नव्या, महाग अँटेनाला एक डीबी उगाच देऊन टाकतो. शेवटी पहिली जोडी परत लावून परत मोजा. पहिला आणि शेवटचा आकडा एक डीबीच्या आत जुळला तर मधलं सगळं भरवशाचं. नाही जुळला तर काहीतरी सरकलंय: बॅटरी, केबलचा कनेक्टर, मित्राचा गेन. ते शोधून नव्याने सुरुवात.

लांबडा टपावर मॅग्नेटवर लावताना तो उभा राहील, पण ही जोडी फक्त रांगत्या गाडीच्या चाचणीपुरती. हातभर लांबीच्या व्हिपसाठी असलेलं छोटं मॅग्नेट सव्वा मीटरच्या व्हिपला हायवेवर धरू शकत नाही. मोठ्या बुडाचं घ्यावं लागेल.

प्रत्येक जोडीत एसडब्ल्यूआर दोनच्या खाली आहे ना, तेवढं बघा. जागा बदलली की ट्यूनिंग थोडं सरकतं. तुमच्या छोट्याचा १.६ कदाचित लांबीमुळे असेल. क्वार्टर वेव्हची लांबी साधारण ४९ सेंटिमीटर यायला हवी आणि दर साडेतीन मिलिमीटरला तो जवळपास १ मेगाहर्ट्झने सरकतो. कापायचा झाला तर दोन-दोन मिलिमीटरने कापा, कापलेलं परत जोडता येत नाही. हा क्वार्टर वेव्ह म्हणजे आपली फूटपट्टी. वेल्डिंगच्या दुकानातून मिळणाऱ्या पितळी सळीपासूनही बनतो, त्यात कॉइल नाही, बिघडण्यासारखं काही नाही. कोणताही नवा अँटेना याच्याशी, याच्याच जागेवर ताडून बघायचा.

आकडे आले की वाचायचे कसे? एक डीबीच्या आतला फरक बरोबरी समजा. टपावर दोन्ही व्हिप जवळपास सारखे आले आणि क्लॅम्पवर दोन्ही पडले, तर दोष जागेचा किंवा त्या केबलचा. लांबडा दोन्ही जागी छोट्यापेक्षा तीन-चार डीबी खाली आला, तर मात्र तो खरंच बिघडलाय, बुडातली मॅचिंग कॉइल उघडून बघा. एसडब्ल्यूआर १.२ असूनही कॉइलमध्ये पॉवर जिरू शकते. थोडा वेळ बोलल्यावर सेट बंद करून बुडाला हात लावा, कोमट लागलं तर उत्तर मिळालं. आणि टपावर लांबडा एक-दोन डीबीने पुढे आला, तर तो निरोगी आहे, कंपनीने छापलं तेवढा नाही, पण आपलं काम करून राहिलाय.

ते एक-दोन डीबी कामाचे आहेत का, हे तुमच्या फिरण्यावर ठरतं. जिथे सिग्नल भरपूर आहे तिथे काहीच कळणार नाही. पण एफएमला एक उंबरठा असतो. त्याच्या खाली आवाज झपाट्याने खरखरीत बुडतो, आणि त्या कडेवर दोन डीबी ‘शब्द तुटतात’ आणि ‘ऐकू येतं’ यांतला फरक करू शकतात. उमरेड किंवा वर्धा रोडच्या सपाटीवर, दूरच्या मित्राशी बोलताना टपावरचा फाइव्ह बाय एट ही कड थोडी लांब ढकलतो. शहरात उलट. तिथे सिग्नल इमारतींवरून आपटत, वरून-खालून येतो, वर्धा रोडच्या डबल डेकर पुलाखाली तर विचारूच नका. तिथे क्षितिजाला चिकटलेल्या लहरीचा खास फायदा नाही आणि छोटा तेवढंच काम करतो. देवलापारच्या पुढच्या चढ-उतारातही मला छोटाच बरा वाटतो.

रस्त्यावरचे काही मुद्दे मीटर दाखवत नाही. समृद्धीवर वेग चढला की सव्वा मीटरचा व्हिप मागे वाकतो, विशेषतः बुडाला स्प्रिंग असेल तर, आणि समोरच्याला तुमचा आवाज फडफडता ऐकू येतो. म्हणजे उभ्या गाडीत जिंकलेला अँटेना धावत्या गाडीत मार खाऊ शकतो. बोलेरो मुळातच सहा फुटांच्या वर, तिच्या टपावर सव्वा मीटर म्हणजे गाडी तीन मीटरच्या पार गेली. बेसमेंट पार्किंग, कडुलिंबाच्या फांद्या, सोसायटीची कमान, सगळं लक्षात ठेवून चालवावं लागतं. बिजागरीने आडवा होणारा व्हिप घेणार असाल तर बिजागरीतला स्क्रू दर काही महिन्यांनी आवळायचा.

ऐकण्याची बाजू वेगळी तपासावी लागते. पाठवण्यात जिंकलेली जागा ऐकण्यात हरू शकते, कारण ऐकताना सिग्नलसोबत गाडीचा गोंगाटही येतो. तुमची डिझेल गाडी आहे, स्पार्क प्लग नाहीत, हा मोठा दिलासा. पण अल्टरनेटर, बाजारातून टाकलेले एलईडी दिवे आणि लायटरच्या सॉकेटमधला स्वस्त यूएसबी चार्जर हे तिघे पुरेसे आहेत. एखादा अगदी अशक्त सिग्नल लावा, इंजिन बंद-चालू करा, मग एकेक उपकरण काढा. बॉनेटवरचा अँटेना या सगळ्याच्या जवळ असतो, टपावरचा लांब. चार्जर उपसल्याबरोबर मित्र जिवंत झाल्याचं मी बऱ्याच गाड्यांत पाहिलंय.

ड्युअल बँडबद्दल. ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झवर बोलायला तुमच्याकडे सेट नसेल तर आज त्यावर पैसे घालू नका. बहुतेक आखूड ड्युअल बँड व्हिप १४५ ला क्वार्टर वेव्हसारखेच वागतात, त्यामुळे तुमच्या सध्याच्या छोट्यापेक्षा व्हीएचएफवर जास्त काही मिळणार नाही. आणि पुढे यूएचएफचा सेट आलाच तर हा ४९ सेंटिमीटरचा साधा व्हिप ४३५ ला पाऊण तरंगाचा होऊन कामचलाऊ चालतो. त्यावर लहर थोडी वर उचलते, जमिनीवरच्या गप्पांना ते मारक, डोक्यावरून जाणाऱ्या हॅम सॅटेलाइटला उलट सोयीचं.

आधी खापरीलाच गाडी वळवून दोन रिपोर्ट घ्या आणि क्लॅम्पची अर्थिंग मोजा, यात पैसा लागत नाही. मग रविवारी चार जोड्यांची फेरी करा. आकडे आले की इथे टाका. सोबत दोन्ही केबलवर काय छापलंय, क्लॅम्पचा ओहम किती आला आणि प्रत्येक फेरीत गाडीचं तोंड कुठे होतं, तेही लिहा.